सॉरीच्या रेघा

गेल्या वर्षी आषाढीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा पाय घसरला. शेवाळलेली फरशी, दोन्ही हातात पिशव्या आणि चपलेचा तळ पार झिजलेला, बदलू बदलू म्हणत राहून गेलेला. तिथे एक फुलवाली बसते, तिच्या तुळशीच्या हारांच्या टोपलीवरच मी जाऊन पडले. घोट्यातून कट्ट असा आवाज आला तो मी स्वतः ऐकला, आणि माझ्या तोंडून काय निघालं तर "सॉरी सॉरी, तुमचे हार..." ती म्हणाली, "हार मरूंदेत ताई, पाय बघा आधी." तिने टोपली बाजूला सारली, तिथेच ओल्यात मांडी घालून बसली, माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि रिक्षा मिळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला, हलू दिला नाही. चांगली वीस मिनिटं गेली असतील. त्या वीस मिनिटांत मी तिला निदान दहा वेळा सॉरी म्हणाले असेन, थँक्यू एकदाही नाही. हे माझ्या लक्षात खूप उशिरा आलं आणि आलं तेव्हा फार लागलं मनाला.

घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू घातले, आधी दोन आठवडे अर्धं प्लास्टर आणि टाके काढल्यावर चार आठवडे पूर्ण. सहा आठवडे त्या पायावर अजिबात वजन द्यायचं नाही, बोटसुद्धा टेकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, बिल्डिंग जुनी त्यामुळे लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, मुलगी जी टीवायला आहे, आणि माझ्या सासूबाई, वय ७४. सकाळी पोळीभाजीला मावशी येतात. मी ठाण्याला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स बघते, रोज गाडीने जाऊन येऊन.

आता ज्या बाईने वीस वर्षं सकाळी साडेपाचला उठून घर हलवलंय तिला एकदम पलंगावर बसवलं की काय होतं ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल. दुखण्याचं सोडा, दुखण्यावर गोळ्या असतात. पण पाणी मागायचं, चार्जर मागायचा, पंखा कमी करायला सांगायचं, बाथरूमला जायचं म्हणजे कुणीतरी वॉकर आणून द्यायचा, दार उघडायचं, बाहेर उभं राहायचं, पायावर प्लास्टिकची पिशवी बांधायची, मग मी आतून हाक मारली की परत यायचं, हे दिवसातून पाच सहा वेळा आणि रात्री एकदा तरी. प्रत्येक वेळेला माझं वाक्य सॉरीनेच सुरू व्हायचं. "सॉरी गं, जरा पाणी देतेस?" "सॉरी हं आई, तुम्हाला उठवलं." "सॉरी रे, तुला उशीर होतोय ना." रात्री तीनला नवऱ्याला हाक मारताना तर नाव घ्यायच्या आधी सॉरी. सॉरी म्हटलं नाही तर आपण हक्काने राबवून घेतोय असं वाटायचं, आणि म्हटलं की तेवढ्यापुरतं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. ते ओझं उतरून कुठे जातं याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

पूर्ण प्लास्टर घातल्यावर तिसऱ्या चौथ्या दिवशी माझी मुलगी निळं स्केचपेन घेऊन आली आणि म्हणाली आई आज एक प्रयोग करूया, तू सॉरी म्हणालीस की मी तुझ्या प्लास्टरवर एक रेघ मारणार. ती सायकॉलॉजी करते त्यामुळे हे असलं काहीतरी तिचं चालू असतं. मला वाटलं होईल काय, आठ दहा. सकाळी चहापर्यंतच सहा झाल्या. ती कॉलेजला गेली तेव्हा पेन आजीकडे देऊन गेली, आणि आमच्या आई एकदा काम हातात घेतलं की चोख करतात, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशोबासारख्या. रात्री झोपताना मोजल्या तर ३१. नडगीपासून घोट्यापर्यंत निळ्या काड्याच काड्या. मुलगी हसत नव्हती. म्हणाली, "आई, यातल्या किती वेळा तू खरंच काही चुकीचं केलं होतंस?" मी बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. एकदा माझ्या हातून दुधाचा कप सांडला होता चादरीवर, तो एक धरला तर धरू. बाकी ३० वेळा मी नुसती पाय मोडलेली बाई होते.

तिने तिच्या अभ्यासातलं एक सांगितलं. कॅनडात वॉटर्लू युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी २०१० साली एक अभ्यास छापला होता, त्यात बायकांना आणि पुरुषांना रोज डायरी लिहायला लावली, आज कुणाला सॉरी म्हणालात आणि आज तुमच्या हातून कुणाला दुखवणारं काय घडलं. बायकांच्या सॉरी जास्त निघाल्या, पण गंमत अशी की आपण चुकलो असं वाटण्याचे प्रसंगही बायकांनीच जास्त लिहिले होते. म्हणजे चूक झाली असं एकदा वाटलं की माफी मागायला पुरुष मागे नाहीत, फक्त चूक कशाला म्हणायचं याची पट्टी दोघांची वेगळी. मला एकदम आरशात बघितल्यासारखं झालं. तहान लागणं हीच माझ्या लेखी चूक होती.

पण माझा खरा निर्धार झाला तो अभ्यासाने नाही, मावशींमुळे. मावशी आमच्याकडे नऊ वर्षं आहेत. मी पडल्यापासून त्या पोळीभाजी आटपून मला अंघोळीला मदत करायच्या, स्टुलावर बसवून पाठीवर पाणी घालायच्या, त्याचे पैसे आम्ही वेगळे ठरवले होते तरी कोण करतं हो असं दुसऱ्याच्या अंगाचं. तर एक दिवस मी नेहमीसारखं सॉरी मावशी, तुमचं काम वाढलं, चालू केलं आणि त्या तांब्या हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण तुम्ही सॉरी म्हणता मग मला 'नाही हो ताई, त्यात काय एवढं' म्हणावं लागतं. रोजचं. एक तर काम वाढलेलं, त्यात तुमची समजूत पण मीच काढायची."

मी गप्प झाले. रागाने नाही. एवढं सरळ आणि एवढं खरं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मानत होते की मी सॉरी म्हणून त्यांना काहीतरी देते आहे, मान म्हणा किंवा जाणीव म्हणा. प्रत्यक्षात मी मागत होते. पाणी मागत होते आणि वर "असू दे गं, तुझी काय चूक" हेही मागत होते. माझ्या घरची चार माणसं महिनाभर माझं काम करत होती आणि शिवाय दिवसाला ३० वेळा मला धीर देत होती.

तर ठरवलं की सॉरी बंद, त्या जागी आभार. ऐकायला सोपं वाटतं. पहिले दोन दिवस काहीच जमलं नाही कारण सॉरी तोंडात यायचं ते मी गिळायचे आणि पुढे नुसती शांतता, मग ते अजूनच वाईट, मुलीने पाणी आणून दिलं आणि मी नुसती बघतेय. मग थँक्यू सुरू केलं. मुलीला चाललं, त्यांच्या पिढीला थँक्यू सवयीचं आहे. नवरा पहिल्या थँक्यूला दचकला, काय झालं म्हणाला. आणि आईंना मी थँक्यू म्हटलं तर त्यांचा चेहराच पडला. "थँक्यू काय? मी काय शेजारची आहे का?" आभार हा शब्द तर घरात वापरताच येत नाही, तो कार्यक्रमाच्या शेवटचा शब्द आहे, माइक हातात घेऊन आता आभारप्रदर्शन. धन्यवाद म्हणजे पत्रातलं. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खोटं नाहीये, त्यामागे एक जीव लावण्याची रीत आहे, आपल्या माणसाचं केलेलं मोजायचं नाही ही. मला ते मोडायचं नव्हतं.

यावर मुलीने अजून एक दाखवलं ते मला फार आवडलं. २०१८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेला अभ्यास, जगातल्या आठ भाषांमधल्या लोकांचं घरातलं, ओळखीपाळखीतलं रोजचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलेलं. मीठ दे, ते उचल, जरा धर अशी कामं माणसं एकमेकांची सतत करतात आणि त्यावर थँक्यूसारखं काही म्हटलं जातं ते २० वेळात साधारण एकदा. इक्वाडोरमधल्या चापाला नावाच्या भाषेत तर थँक्यू म्हणायला ठरलेला शब्दच नाही, तरी तिथली माणसं मदत करतातच की एकमेकांना. आपली कुठली भाषा त्या आठात नव्हती पण मला आमचंच घर दिसलं. म्हणजे आमच्या आई काही जगावेगळ्या नव्हत्या. आणि एक हेही कळलं की मला शब्द शोधायचा नाहीच आहे. मला सांगायचं काय आहे ते शोधायचंय.

मग मी कान देऊन ऐकायला लागले की आपली माणसं थँक्यू न म्हणता हे कसं सांगतात. पलंगावर बसून दुसरं काम तरी काय होतं. दुधाच्या पिशव्या वर आणून देणाऱ्या मुलाला आई म्हणाल्या, "आलास बाबा, माझे तीन जिने वाचले." फोनवर त्यांच्या बहिणीला, "तुझा आवाज ऐकला की हायसं वाटतं." मावशी जाताना डब्यात भाजी दिली तर म्हणाल्या, "आज संध्याकाळची चूल सुटली." समोरच्या काकू मूळच्या गोव्यातल्या म्हापशाच्या, त्यांना कुणी काही आणून दिलं की त्या म्हणतात "देव बरें करूं", देव तुझं भलं करो, त्यात तर आपण घेतलेलं फेडायची जबाबदारी थेट देवावरच टाकलेली, किती सुंदर आहे ते. आणि बरं झालं तू आलास, जीव भांड्यात पडला, तू होतीस म्हणून निभावलं, केवढं काम हलकं केलंस. यातल्या एकाही वाक्यात आभार नाही, सगळ्यात आभारच आहेत. आणि प्रत्येकात समोरच्याने केलेल्या गोष्टीने आपलं नेमकं काय झालं ते सांगितलेलं आहे. जिने वाचले. चूल सुटली. थँक्यू कुणालाही म्हणता येतं, तीन जिने वाचले हे ज्याने पिशव्या आणल्या त्यालाच.

तिथून मग खरं सुरू झालं. मुलीने रात्री झोपायच्या आधी पाण्याची बाटली, फोन, औषध सगळं हाताशी मांडून ठेवलं, तिला म्हटलं, आज रात्री कुणाला उठवायला नको, तू मांडलंस म्हणून. ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवसापासून त्या मांडणीत एक बिस्किटाचा पुडा आणि टॉर्च आला. मावशींना म्हटलं, तुम्ही पाठ घासता ना तेव्हा दिवसभरात तेवढीच पाच मिनिटं मी आजारी आहे असं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "मग उद्या केस पण धुऊ." आता यात त्यांचं काम वाढलंच, पण या वेळी वाढवलं त्यांनी, आणि माझी समजूत काढायची पाळी त्यांच्यावर आली नाही.

मी जेव्हा जेव्हा सॉरी गिळून दुसरं काही म्हटलं तेव्हा मला समोरच्याकडे बघावं लागलं. सॉरी मान खाली घालून, फोनकडे बघत, दुसऱ्या खोलीतून ओरडून, कसंही म्हणता येतं, त्यात सगळं लक्ष स्वतःवरच असतं, मी कशी, माझ्यामुळे, मला कसंतरी होतंय. पण "तू मांडलंस म्हणून" हे म्हणायला तिने मांडलेलं आधी दिसावं लागतं. महिनाभर माझ्या उशाशी कोण काय करतंय ते मी धड बघितलंच नव्हतं. नवरा रात्री मला बाथरूमहून आणून झोपवलं की वॉकर भिंतीला न लावता माझ्या डाव्या हाताच्या बाजूला ठेवतो आणि त्याचा एक पाय चटईवर घेतो म्हणजे सकाळी सरकवताना आवाज होऊन आईंची झोप मोडू नये, हे मला पाचव्या आठवड्यात दिसलं. तोपर्यंत रोज रात्री मी त्याला सॉरीच म्हणत होते.

त्याला मात्र सांगणं सगळ्यात अवघड गेलं. टाके काढायला, मग प्लास्टर कापायला मला तीन मजले खाली न्यावं लागलं, तेव्हा तो आणि तळमजल्यावरचे एक काका मिळून मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. तो पुढे, पाठ वळवून, खुर्चीचे पुढचे पाय हातात धरून, एक एक पायरी. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसायचा आणि मी वरून सॉरी सॉरी सॉरी. प्लास्टर कापायच्या दिवशी ठरवून तोंड मिटून बसले. खाली पोचल्यावर त्याने खुर्ची टेकवली, तर म्हटलं, "तू पुढे असलास की मला पडायची भीती वाटत नाही." तो म्हणाला, "रिक्षा बघतो," आणि गेला. एवढंच. रिक्षात बसल्यावर त्याने माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दवाखाना येईपर्यंत धरून बसला, त्यात नुसती एक्सरेची फाइल होती. त्या काकांना मी व्हॉट्सॅपवर लिहिलं, तीन वेळा खोडून परत लिहिलं कारण वाटत होतं की त्यांना अवघडल्यासारखं होईल. मुलगी म्हणाली पाठव, यावरही अभ्यास आहे, २०१८ मधलाच, आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं समोरचा संकोचेल, तो तेवढा संकोचत नाही आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त खूश होतो. पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस वर आल्या आणि म्हणाल्या, हे सगळ्यांना दाखवत फिरतायत तुझा मेसेज.

प्लास्टर निघाल्यावर पाय बघून मला रडू आलं. पोटरी वाळून अर्धी झालेली, कातडीचे पापुद्रे, घोटा सुजलेला आणि निळसर, आणि गार, बर्फासारखा गार. त्या रेघांचं प्लास्टर दोन तुकड्यांत टेबलावर पडलेलं होतं. फिजिओच्या ताईंनी व्यायाम शिकवले, पंजा पुढे मागे, टॉवेल बोटांनी गोळा करायचा, आणि जखमेची जागा सोडून हलक्या हाताने तेल लावलं तरी चालेल म्हणाल्या.

घरी आल्यावर संध्याकाळी आई कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या.

हे ज्यांना कळेल त्यांना लगेच कळेल. सासू सुनेच्या पायाशी. आमच्या घरात चुकून कुणाला पाय लागला तर आपण लगेच हात लावून तो हात कपाळाला लावतो, पुस्तकाला लागला तरी लावतो, माझी आजी तर सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय टेकवायच्या आधी जमिनीला हात लावायची, तुझ्यावर पाय ठेवते म्हणून. आणि ७४ वर्षांची बाई माझ्या पायाला हात लावणार. मी पाय ओढून घ्यायला गेले तर कळ आली. "अहो आई नको, पायाला हात नका लावू, सॉरी..." आलंच ते बाहेर. त्या म्हणाल्या, "का? दुखणं पायाला झालंय, मग हात काय डोक्याला लावू?" आणि पाय मांडीवर घेतला. त्या फुलवालीने घेतला होता तसाच, टाच तळहातात धरून. मला त्या क्षणी ती आठवली, आणि तिला मी एकदाही काही बोलले नाही हेही तेव्हाच आठवलं.

आईंचे हात खरखरीत आहेत, बोटं सांध्यांना वाकडी झालीयेत. त्या अंगठ्याने पोटरीवरून खाली खाली यायच्या आणि घोट्यापाशी आल्या की हात एकदम हलका करायच्या. मी डोळे मिटून बसले होते. मनात सगळं घोळत होतं, यांचे गुडघे दुखतात, यांनी खाली बसायचं नसतं, उठताना यांना धरायला लागेल आणि मी तर उठू शकत नाही. हे सगळं सॉरीच्या रूपाने तोंडापर्यंत आलं आणि मी ते थांबवलं आणि पायाकडे लक्ष दिलं, पायाला खरंच काय वाटतंय तिकडे. म्हटलं, "आई, पाय गार पडला होता हो. ऊब आली."

त्या वर न बघता म्हणाल्या, "येणारच." आणि अजून बराच वेळ चोळत राहिल्या. थोड्या वेळाने आपणहून सांगायला लागल्या की त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा दीड वर्ष रोज त्या असंच तेल लावायच्या, आणि एका अक्षराने कधी त्या काही बोलल्या नाहीत, चांगलं नाही वाईट नाही. "बरं वाटतंय की नाही तेही कळायचं नाही गं," म्हणाल्या. लग्नाला माझ्या २३ वर्षं झाली, हे मला कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला वाटी यायची, मी बोलवायच्या आधी, आणि आम्ही अर्धा तास गप्पा मारायचो. तेल संपायला आलं तेव्हा त्यांनीच नवऱ्याला घाण्यावरून आणायला सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटी काठी घेऊन पहिल्यांदा एकटी खाली उतरले आणि आधी फुलवालीकडे गेले. नवरात्र होतं, झेंडूचे ढीग. तिने मला ओळखलंच नाही, रोज शेकडो माणसं बघते ती. मी सांगितलं तेव्हा पायाकडे बघितलं तिने आधी. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही पाय धरून ठेवलात, डॉक्टरही म्हणाले हलवला नाहीत ते बरं केलंत, मी नाही धरला, तुम्ही धरला होता. हारांचे पैसेही द्यायचे होते पण ते तिने घेतले नाहीत. "ते इठोबाला पोचले," म्हणाली, आणि दसऱ्याला माझ्याकडूनच फुलं न्या म्हणून सांगितलं. नेली.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटायला लागलं होतं की आता जमलं. आणि ऑक्टोबरमधे ऑफिसला माझ्या हातून खरी चूक झाली. एका क्लायंटचं चार लाखांचं एक बिल ११ तारखेच्या जीएसटीआर वनमधे, म्हणजे विक्रीची बिलं दाखवायच्या रिटर्नमधे, टाकायचं माझ्याकडून राहिलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, विकणाऱ्याने ते बिल वेळेत भरलं तरच १४ तारखेला घेणाऱ्याच्या टूबीमधे, म्हणजे त्याच्या क्रेडिटच्या यादीत, तो टॅक्स दिसतो आणि त्याला त्याचं क्रेडिट मिळतं. नाही दिसला तर तो म्हणतो टॅक्सचे पैसे मी आत्ता देणार नाही. १८ टक्क्यांनी ७२ हजार. ते त्या क्लायंटचे अडकले, महिनाभरासाठी, आणि छोटा धंदा आहे त्यांचा, ऑक्टोबर म्हणजे दिवाळी तोंडावर, कामगारांचा बोनस द्यायचा.

त्यांचा फोन आला आणि मी इतकी सवयीत होते की म्हणाले, "पुढच्या महिन्यात नक्की टाकते, तुम्ही समजून घेताय, खरंच थँक्यू."

ते म्हणाले, "मी कुठे समजून घेतलं मॅडम? माझे ७२ हजार अडकलेत."

मला कानशिलं गरम झाल्यासारखं झालं. त्यांचं अगदी बरोबर होतं. समजून घेणं हे त्यांच्या मनातलं, त्यांनी द्यायचं, आणि मी ते दिलंय असं धरून वर पावती फाडली होती. जे दिलंच नाही त्याचे आभार मानणं म्हणजे ते ओढून घेणं. आणि मला याची जास्त लाज वाटली की सॉरी टाळायला मी थँक्यू पुढे केलं होतं, घरी जे इतकं मनापासून शिकले ते इथे ढाल म्हणून वापरलं. ३१ रेघांमधल्या ३० वेळा माफी मागायची गरज नव्हती आणि इथे जिथे होती तिथे माझ्या तोंडातून ती निघाली नाही.

मी पाच मिनिटांनी परत फोन केला. म्हटलं, साहेब, चूक माझी आहे, बिल तुम्ही वेळेवर पाठवलं होतं, मेलची तारीख ९ आहे, माझ्याकडून राहिलं. मला माफ करा. माल घेणाऱ्या पार्टीला मी ऑफिसतर्फे पत्र देते की नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या आत बिल भरलं जाईल, त्यावर ते काही रक्कम सोडतात का बघू, आणि आमच्या सरांना मी आत्ताच जाऊन सांगते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला "असू दे मॅडम" ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू, पण ते मी मागितलं नाही आणि त्यांनी म्हटलंही नाही. म्हणाले, "पत्र आजच द्या." सरांना सांगितलं, ते रागावले, रागावणारच होते. पत्र दिलं. पार्टीने अर्धे पैसे सोडले, अर्धे राहिले ते नोव्हेंबरला.

नोव्हेंबरमधे त्यांचं बिलांचं फोल्डर ५ तारखेलाच आलं, नेहमी ते ९ ला पाठवतात. प्रत्येक फाइलला नंबर घातलेला, यादी वेगळी जोडलेली. मी सगळं भरून, दोनदा ताळा करून ७ ला संध्याकाळी फाइल केलं आणि त्यांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही पाचलाच पाठवलंत, आणि ती यादी जोडलीत ना, मला एकेक बिल टिक करत जाता आलं, या वेळी काही सुटायचा प्रश्नच नव्हता.

"हो का," म्हणाले. मग म्हणाले, "पाय कसा आहे मॅडम तुमचा?"